कोऱ्या हाताचे उपकार

जखमेला चिकटलेली पट्टी ओढून काढायची नसते. कोमट मिठाच्या पाण्याने ती भिजवायची आणि गप्पा मारत बसायचं. दुखणाऱ्या माणसाला वाटतं, हा ड्रेसर कामचुकार आहे, नुसता तोंड वाजवतो. पण त्या बोलण्यातच पट्टी सुटत असते. बांधणं कोणालाही आठवड्यात येतं, सोडवायला शिकण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली. आधी फौजेत आणि मग अकोल्याच्या एका दवाखान्यात मी हेच काम केलं, आणि त्या नादात बोलघेवडा झालो. घरचे म्हणतात, पेन्शन लागली तरी याच्या पट्ट्या अजून भिजतच आहेत.

एकोणीसशे साठच्या सुमाराला अकोल्याच्या आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत काही गिऱ्हाइकं जखमेशिवायच यायची. गोंदण काढून द्या म्हणायची. एका पहिलवानाने दंडावर मारुती गोंदवून घेतला होता, पण गोंदणाऱ्याचा हात असा की तो मारुती कमी आणि घुबड जास्त दिसायचा. तालमीत पोरं हसतात म्हणून तो कळवळून सांगत होता. त्याला मी डॉक्टरांकडे पाठवलं आणि डॉक्टरांनी पूर्ण बाहीचा सदरा लिहून दिला.

जठारपेठेतली एक बाई मात्र वेगळ्याच रागाने आली. तिच्या नवऱ्याने दुसरी केली होती आणि त्याचं नाव हिच्या हातावर राहिलं होतं.

"भाऊ, हे काढून द्या," ती म्हणाली. "सकायी भाकर थापाले बसतो तं पयले हेच दिसते."

मी म्हणालो, "बाई, कातडी काढल्याबिगर ते निघत नाई. मिटवाले जासान अन् दोन खुणा होतीन."

"तुमाले कसं मालूम?"

मी तिला माझ्या आईची गोष्ट सांगितली. ती ऐकून बाई म्हणाली, "मंग राहू द्या. याच्या डोक्यावर माह्या पोरीचं नाव गोंदून घेतो. दबून राहीन." आणि खरंच काही दिवसांनी नवं गोंदण दाखवायला आली. सगळी खोली हसली, मीही हसलो. पण त्या दिवशी दुपारचा डबा मी तसाच घरी नेला. कारण आईची ती गोष्ट मी त्याआधी एकदाच एका परक्या माणसाला सांगितली होती, आणि त्याचा सगळा जन्म तेव्हा पणाला लागला होता. तो माणूस कोरियातला.

आम्ही भातकुलीकडचे. वडिलांचं थोडं काळ्या मातीचं वावर, आणि घर ख्रिस्ती. स्वातंत्र्य आलं तेव्हा आमच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध असलेले पुंडलिककाका वडिलांना म्हणाले, "काहून गा, साहेब लोक तं गेले आपल्या देशात. तुमी काहून राहिले?"

वडील म्हणाले, "आमी कोठी जाऊ बावा? साहेबाच्या देशात तूर पिकते का?"

दोघेही हसले. पेरणीला एकमेकांचा बैल मागणारी माणसं ती, त्यांच्यात ते तिथेच मिटलं. माझ्या मनात मात्र ते कुसळासारखं राहिलं. याच मातीत जन्मलो, याच विहिरीचं पाणी प्यालो, आणि मला विचारतात काहून राहिले? अमरावतीच्या एका मिशन दवाखान्यात मी ड्रेसिंगचं काम शिकलो होतो. तिथून उठलो आणि फौजेत नर्सिंग ऑर्डर्ली म्हणून भरती झालो. देशाचा गणवेश घातल्यावर तरी कोणी विचारणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्रेपन्न साली आमची रवानगी कोरियाला झाली, पण लढायला नाही. उत्तर आणि दक्षिण कोरियातली लढाई थांबली होती. दोन्ही बाजूंच्या हाती एकमेकांचे कैदी होते आणि त्यातले हजारो म्हणत होते, आम्हाला घरी जायचं नाही. खरंच नाही, की तसं म्हणायला लावलं आहे, हे ठरवायचं कोणी? म्हणून दोन सैन्यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात छावणी घातली आणि राखणीला आपली फौज बोलावली. या कैद्यांना सरळ सोडून द्या म्हणणारं दक्षिणेचं सरकार आमच्यावर इतकं रागावलेलं की आमचा पाय त्यांच्या जमिनीला लागू नये म्हणून आम्हाला जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून नेलं. भातकुलीहून बडनेऱ्याला बैलगाडीने गेलेला मी, डोळे मिटून स्तोत्र म्हणत बसलो होतो. कैद्यांमध्ये वावरणाऱ्या आमच्या शिपायांच्या हातात नुसत्या काठ्या होत्या. आणि एक सक्त नियम होता. कैद्याला 'जा' म्हणायचं नाही, 'राहा' म्हणायचं नाही, सल्ला म्हणून द्यायचाच नाही. वऱ्हाडी जिभेला याहून मोठी शिक्षा नसेल.

कैद्याने कधीही भारतीय शिपायाला 'घरी' एवढंच सांगितलं की त्याला तिथून बाहेर काढून त्याच्या देशाच्या हवाली करायचं, असा कायदा होता. पण काटेरी तारेच्या आत राज्य चालायचं ते कैद्यांच्याच म्होरक्यांचं, आणि त्यांना कोणीही परत जायला नको होतं. त्यांच्यादेखत घरचं नाव काढणारा दुसऱ्या दिवशी जिवंत दिसेल, याचा भरवसा नव्हता. आमच्या इस्पितळाचे तंबू मात्र तारेच्या बाहेर होते. त्यामुळे कोणी पोट धरून आला, की याचं पोट दुखतंय की आणखी काही, हे आम्हाला आधी पाहावं लागायचं. उत्तरेच्या बाजूने लढलेला एक चिनी कैदी रोज खोकत यायचा. त्याचा रोग आमच्या स्वयंपाक्याच्या मिरचीच्या लोणच्याने बरा व्हायचा.

हिवाळ्याच्या तोंडाला किम आला. तिथे दगड मारला तर किमलाच लागेल, इतके किम. हा उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा, मिशनच्या शाळेत शिकलेला. त्याचं इंग्रजी मोडकं आणि माझंही मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. डाव्या हाताला भाजलं होतं. "शेगडीवर पडलो," म्हणाला.

शेगडीवर पडणारा माणूस तळहात टेकतो, कोपर टेकतो. याचं भाजणं हाताच्या आतल्या बाजूला होतं, मनगटाच्या वर, आणि त्याची कड सरळ होती. तापलेला पत्रा दाबून धरल्याशिवाय अशी कड येत नाही. जखम धुतली तेव्हा तिच्या एका टोकाला निळी अक्षरं दिसली. अर्धी ओळ जळली होती आणि अर्धी शिल्लक होती.

मी काही विचारलं नाही. शेजारच्या खाटेवर पायाला गळू झालेला एक जण होता आणि मी पट्टी सोडायला घेतली की तो मान लांब करून बघायचा. त्याच्या रुबाबावरून आम्ही त्याला पाटील म्हणायचो. तो म्होरक्यांचा माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून मी वारा लागतो म्हणून दोन खाटांच्या मध्ये एक घोंगडं टांगलं.

पट्टी भिजवताना गुणगुणायची मला सवय. रविवारी चर्चमध्ये म्हणतो त्यातलं एक गीत चाललं होतं. मी थांबलो तर पुढची ओळ किमने त्याच्या भाषेत उचलली. चाल तीच. ही आमच्या खेड्यातली चाल तुला कुठे मिळाली, असं तो विचारू लागला. मला तर लहानपणापासून वाटत आलं होतं की ती अमरावतीच्याच कोणीतरी बांधली. मग आम्ही दोघांनी ते अखेरपर्यंत म्हटलं, तो कोरियनमध्ये आणि मी मराठीत. पलीकडून पाटलाने खाटेवर हात आपटला तेव्हा थांबलो.

त्यानंतर किम रोज सकाळी थोडं थोडं बोलू लागला. कैदेत म्होरक्यांनी सगळ्यांना रांगेत बसवून हातावर गोंदून घेतलं होतं, की आम्ही उत्तरेच्या राजवटीचे वैरी आहोत आणि परत जाणार नाही. "मी 'नाही' म्हणालो नाही," किम म्हणाला. "नाही म्हणणाऱ्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं." उत्तरेला त्याची आई होती, विधवा, आणि हा एकुलता एक. त्याचं चर्च तिकडे बंद झालं होतं. दक्षिणेत गेला तर मोकळेपणाने गाता येणार होतं, पण आई जन्मात दिसणार नव्हती. उत्तरेला गेला तर हातावरची ती ओळ पाहून त्याचं काय करतील, देव जाणे.

"इकडे देव आहे आणि तिकडे आई आहे," तो म्हणाला. "तू ख्रिस्ती आहेस. तू सांग, काय करू?"

मी पट्टीची गुंडाळी करत राहिलो. नियम होता म्हणून गप्प बसलो, असं त्याला भासवलं. खरं तर नियम नसता तरी मला काय सांगता आलं असतं?

मग त्याने दुसरं मागितलं. उरलेली अक्षरं औषधाने जाळून टाक म्हणाला. मी आमच्या कॅप्टनसाहेबांना विचारलं. ते बंगाली डॉक्टर होते, कमी बोलणारे. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "शांतवन, त्याच्या हातावर एका बाजूने लिहिलं. आपण ते पुसलं तर दुसऱ्या बाजूने लिहिल्यासारखं होईल. तू जखम भरून आण."

नाताळाला आमच्या केरळी पाद्रीसाहेबांनी तंबूत उपासना ठेवली. चालता येणारे रोगीही आले, आणि पाटील काठी टेकत सगळ्यांच्या मागे येऊन बसला. मी पाद्रीसाहेबांना आमच्या वऱ्हाडाची उपकारस्तुती सांगितली होती. ज्वारी-कापूस घरात आला की आमच्या चर्चमध्ये एक रविवार त्यासाठी असतो. जो तो आपल्या वावरातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो, आणि मग एकेकाने उभं राहून देवाने केलेला एक उपकार मोठ्याने सांगायचा. त्यांना ते आवडलं. बर्फात पीक कुठलं आणायचं? एका कैद्याने कोरलेला लाकडी चमचा ठेवला, एकाने लोकरीचा गुंडा ठेवला. पहाऱ्यावरचा गढवाली शिपाई ख्रिस्ती नव्हता, पण त्यानेही आत येऊन एक कांदा ठेवला.

मी उभा राहिलो. आमचा देश स्वतंत्र झाला, त्या स्वतंत्र देशाचा शिपाई म्हणून मी इथे उभा आहे, या स्वातंत्र्याबद्दल देवाचे उपकार, असं खणखणीत बोललो. खोटं कशाला सांगू, समुद्रापलीकडच्या पुंडलिककाकांना ऐकू जावं अशाच आवाजात बोललो. किमची पाळी आली तेव्हा तो पट्टीचा हात धरून उभा राहिला, मागे बसलेल्या पाटलाकडे बघितलं, आणि काही न बोलता खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडवताना तो म्हणाला, "काल तू स्वातंत्र्याचे उपकार मानलेस. ते कसं असतं?"

मी त्याला झेंड्याचं सांगितलं, मतदानाचं सांगितलं. आमच्या गावात देऊळही आहे, मशीदही आहे, चर्चही आहे, ज्याला जिथे जायचं तिथे जातो, असंही सांगितलं. तो ऐकत होता. कामासाठी माझ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. त्याने उजव्या हाताने माझा हात धरला, उताणा केला आणि मनगटाच्या वर बोट ठेवलं.

"हे," तो म्हणाला. "इथे कोणी काही लिहिलेलं नाही."

पट्टी भिजलेली होती, ती सुटली, तरी मी हात चालवला नाही. आणि मग मी त्याला आईची गोष्ट सांगितली.

आईचं माहेर ख्रिस्ती नव्हतं. लहानपणी तिच्या हातावर तुळस गोंदलेली होती. लग्नानंतर तिने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरोघरी शास्त्र वाचून दाखवणाऱ्या एका बायबलबाईने तिला म्हटलं, हे जुन्या देवाचं चिन्ह अंगावर कशाला? आईने कोणालाही न विचारता त्यावर बिब्ब्याचं तेल लावलं. आमच्याकडे बिब्बा औषधाला वापरतात, पण तो उतला तर माणसाला भाजून काढतो. आईचा हात सुजला, पिकला, तिला ताप भरला. जखम भरायला पावसाळा गेला. तुळस अर्धी गेली, अर्धी राहिली, आणि वर एक जाड पांढरा वण आला. आई त्यावर हात फिरवत म्हणायची, "मिटवाले गेली अन् दोन खुणा झाल्या."

किमने विचारलं, "मग तिच्या देवाला राग नाही आला?"

हे मीही लहानपणी आईला विचारलं होतं. तिचं उत्तर मी त्याला जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. आई म्हणाली होती, "देवाले का वाचता येत नाई? कोणतं म्या लिवलं अन् कोणतं लोकायनं, त्याले बराबर समजते."

अक्षरं जाळून दे असं त्यानंतर किम कधी म्हणाला नाही.

जानेवारीत मुदत संपत आली. ज्यांनी काही सांगितलं नाही त्यांना आता, ज्यांच्या ताब्यातून आले होते त्यांच्याकडेच, म्हणजे किमला दक्षिणेकडे, परत करणार होते. एका सकाळी कॅप्टनसाहेब फेरीला आले तेव्हा किम खाटेवरून उतरून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरी. आईकडे."

पाटील ओरडत उठला. पहाऱ्यावरचा गढवाली काठी आडवी धरून मध्ये उभा राहिला. कॅप्टनसाहेबांनी मला खूण केली, याला तयार कर. मी नवी पट्टी घेतली तर किम म्हणाला, "पट्टी नको. आहे ती काढ."

"थंडी आहे," मी म्हणालो. "झाकलेलं बरं."

"झाकून नेलं तर लपवलं म्हणतील."

मी पट्टी काढली. जखम कोरडी झाली होती. निम्मा वण आणि निम्मी निळी ओळ, दोन्ही तो उघड्यावर घेऊन निघाला. जाताना त्याने माझा हात धरून मनगटाच्या वर एकदा दाबला. मी तंबूंच्या टोकापर्यंत गेलो. दोन शिपायांच्या मधून तो ट्रककडे चालत होता आणि एवढ्या थंडीत त्याची डावी बाही वर दुमडलेली होती. मला रडू आलं.

मी त्याला जा म्हणालो नाही, राहा म्हणालो नाही. पण आई आणि देव यांच्यामध्ये अडकलेल्या माणसाला मी आईची गोष्ट सांगितली. हे सल्ला देणं झालं की नाही, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

गावी आलो तेव्हा शिमगा अजून लांब होता, आणि नेमकी पुढच्या रविवारी उपकारस्तुती होती. परदेशातून आलेला म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी आधी मलाच उभं केलं. स्वतंत्र देशाचं भाषण माझ्या जिभेवर तयार होतं. पण समोर आई बसली होती, मांडीवर हात ठेवून, आणि तो अर्ध्या तुळशीचा हात मला दिसला. मी बाही वर केली. "माझा हात कोरा आहे," मी म्हणालो. "यावर कोणी काही लिहिलेलं नाही. प्रभू, याबद्दल तुझे उपकार." आणि खाली बसलो. पाळकसाहेब पुढचं ऐकायला थांबले होते, पण पुढे काही नव्हतं.

उपासनेनंतर वेदीपुढच्या वस्तूंचा चर्चच्या अंगणात लिलाव होतो आणि त्याला सगळं गाव येतं. पुंडलिककाका दरवर्षी आम्ही ठेवलेल्या भोपळ्यावर बोली लावायचे. ते खिडकीशी उभे राहून आतलं ऐकत होते.

"एवढा समुद्र पार करून आला," ते म्हणाले, "अन् रिकामा हात दाखून राहिला?"

मी म्हणालो, "काका, तुमी पुसलं होतं, काहून राहिले म्हणून. याच्याचसाठी राहिलो."

त्यांनी माझा हात हातात घेऊन नीट पाहिला. "याच्यावर तं काईच नाई."

"तेच तं सांगून राहिलो."

त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. भोपळ्याची बोली मात्र त्या वर्षी त्यांनी कोणाला घेऊ दिली नाही.

पुढे अकोल्याच्या दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या नामदेवला मी हे सगळं सांगितलं. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धर्म घेतला होता. तो म्हणाला, "आमच्या तं पाठीवर लिवलं होतं, शांतवनभाऊ. आपल्याले दिसत नोतं, पण लोकं वाचत." मी त्याला चहा पाजला.

त्या उपकारस्तुतीच्या रविवारी मी घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. मी तिला किमचं सगळं सांगितलं, तिची गोष्ट त्याला सांगितली तेही सांगितलं. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "मंग भेटला का तो त्याच्या मायले?"

"मले मालूम नाई, माय. तिकडची खबर येत नाई."

पुढच्या वर्षीच्या उपकारस्तुतीला तिने आमच्या पेंढीशेजारी ज्वारीचं एक कणीस वेगळं ठेवलं. हे कोणाचं, असं मी विचारलं.

"तुह्या त्या दोस्ताच्या मायच्या नावाचं," ती म्हणाली. "पोरगा पोचला असंन तं उपकाराचं. नसंन पोचला तं मांगन्याचं. देव पाहून घेईन."

लिलावात ते कणीस ती कोणाला घेऊ देत नसे. ती होती तोवर तिने ठेवलं. आता मी ठेवतो. ते कशाचं आहे, हे ठेवताना मला अजूनही माहीत नसतं.